'कॉलरा निगेटिव्ह' लिहून फाइल बंद करू नका

नाशिक शहर आणि जिल्ह्याचे आरोग्य, पाणीपुरवठा आणि येत्या सिंहस्थाचे नियोजन ज्यांच्या सहीने चालते त्या सर्व अधिकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

पावसाळ्यात शहराच्या एखाद्या भागात जुलाब-उलट्यांचे रुग्ण एकाएकी वाढले की पुढचा क्रम ठरलेला असतो. पथक येते, ओआरएसची पाकिटे वाटली जातात, दोन-चार घरांतले नळाचे पाणी बाटल्यांत भरले जाते आणि काही रुग्णांचे रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून काडीने घेतलेले नमुने) कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीला जातात. दोन-तीन दिवसांनी अहवाल येतो: व्हिब्रिओ कॉलरी (कॉलऱ्याचा जिवाणू) नाही, साल्मोनेला नाही, शिगेला नाही. त्यावर 'कॉलरा निगेटिव्ह' असा शेरा पडतो, पाण्याच्या अहवालावर 'पिण्यास योग्य' असा शिक्का बसतो आणि फाइल बंद होते. लोक कशाने आजारी पडले ते कळलेले नसते. कळले नाही, हेही कुठे लिहिलेले नसते.

आमचे म्हणणे असे की, कॉलरा निगेटिव्ह आला की तिथून तपास सुरू व्हायला हवा. आपल्याकडे तो नेमका तिथेच थांबतो.

हे पत्र लिहिणाऱ्यांत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहेत, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेत, बालरोगतज्ज्ञ आहेत. आम्ही याच शहरात राहतो आणि गंगापूर, मुकणे, दारणा या धरणांचेच पाणी पितो. एरवी हे आम्ही बैठकीत बोललो असतो. पण ३१ ऑक्टोबर २०२६ ला रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी सिंहस्थाचे ध्वजारोहण आहे आणि २ ऑगस्ट २०२७ ला, म्हणजे ऐन पावसाळ्यात, पहिले अमृतस्नान. तयारीची जी चर्चा आमच्यापर्यंत पोहोचते, तिच्यात खाटा, रुग्णवाहिका, शौचालये, औषधसाठा सगळे आहे. जुलाबाच्या रुग्णात विषाणू शोधण्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणून हे सर्वांसमोर.

जुलाबामागे विषाणू असतात, ही काही कालची बातमी नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील नॉरवॉक गावच्या एका शाळेत १९६८ साली उलट्यांची साथ आली. कारण तेव्हा सापडले नाही. पण त्या साथीचे नमुने कोणीतरी राखून ठेवले होते, म्हणून १९७२ मध्ये अल्बर्ट कापिकियन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यातला विषाणू दिसला. तोच आजचा नोरोव्हायरस. पुढच्याच वर्षी मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुलाब झालेल्या बालकांच्या लहान आतड्याच्या तुकड्यांत रोटाव्हायरस सापडला. १९७५ मध्ये ॲस्ट्रोव्हायरस नोंदला गेला आणि त्याच दशकात जपानच्या सप्पोरो शहरातल्या साथीतून सापोव्हायरस. त्यांच्या जोडीला आतड्यात वाढणारे अ‍ॅडिनोव्हायरस ४० आणि ४१ हे प्रकार. जुन्या पाठ्यपुस्तकांतली यादी साधारण इथे संपते.

खरी यादी संपत नाही. गेल्या वीस वर्षांत शोधण्याची रीतच बदलली. पूर्वी कोणता विषाणू शोधायचा ते आधी ठरवावे लागे. आता मलाचा नमुना खारवलेल्या द्रावणात कालवतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ खाली बसवतात, वरचे पाणी ०.४५ आणि मग ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात. जिवाणू आणि पेशी गाळणीवर अडकतात, विषाणू पार जातात. मग न्यूक्लिएज हे विकर घालून मोकळा पडलेला डीएनए-आरएनए खाऊन टाकायला लावतात; विषाणूचा जनुकीय ऐवज त्याच्या कवचात सुरक्षित राहतो. त्यानंतर तो बाहेर काढून, कसलीही पूर्वअट न ठेवता सगळाच्या सगळा वाचायचा आणि संगणकावर ज्ञात विषाणूंशी ताडून पाहायचा.

या रीतीने मेलबर्नच्या एका बालकाचा १९९९ सालचा, फ्रीजरमध्ये पडून असलेला नमुना पुन्हा तपासला आणि २००८ मध्ये त्यातून ॲस्ट्रोव्हायरसचा अगदी वेगळा प्रकार निघाला, एमएलबी-१. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील एका पाळणाघरातल्या साथीतून व्हीए-१ आला. एमएलबी-२ तर आपल्याच देशातला, वेल्लोरच्या मुलांच्या नमुन्यांतून पुढे आलेला. बोकाव्हायरस २००५ साली स्वीडनमध्ये श्वसनरोगाच्या नमुन्यांत सापडला आणि २००९ मध्ये त्याची भावंडे मलात निघाली. सॅलिव्हायरस त्याच वर्षीचा. बुफाव्हायरस २०१२ चा, बुर्किना फासोमधल्या जुलाब झालेल्या मुलांतला. नॉरवॉक आणि मेलबर्न, दोन्ही ठिकाणी उत्तर मिळाले ते नमुना राखला गेला म्हणून. आपल्याकडे कल्चर निगेटिव्ह आले की नमुना बायोमेडिकल कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो.

आता एक गोष्ट आमच्याच बाजूच्या उत्साही मंडळींना सांगायची आहे. मलात विषाणू सापडला म्हणजे आजार त्यानेच झाला, असे नव्हे. निरोगी माणसांच्या मलातले आरएनए विषाणू पहिल्यांदा सरसकट वाचले गेले तेव्हा, २००६ साली, सगळ्यात जास्त सापडला तो मिरचीच्या झाडाला होणारा एक विषाणू, पेपर माइल्ड मॉटल व्हायरस. माणसाने मिरची खाल्ली की तिच्याबरोबर तो आतड्यातून सुखरूप पार होतो. ठेचा खाणाऱ्या नाशिककरांत तो किती असेल ते सांगायला नको! कोसाव्हायरस २००८ मध्ये पाकिस्तानातल्या मुलांत सापडला, पण लकवा झालेल्यांत आणि धडधाकट मुलांत जवळपास सारख्याच प्रमाणात. पिकोबिर्नाव्हायरस वर्षानुवर्षे जुलाबाचा संशयित म्हणून वावरला. आता तो बहुधा आतड्यातल्या जिवाणूंचा पाहुणा असावा असे पुरावे पुढे येत आहेत. म्हणून रुग्णांच्या नमुन्यांबरोबर त्याच गल्लीतल्या, त्याच वयाच्या, जुलाब न झालेल्या मुलांचे नमुने लागतात. ते नसतील तर नव्या विषाणूचे नाव वर्तमानपत्रात छापून येईल, बाकी काही हाती लागणार नाही.

तर आमच्या तक्रारी.

१. नमुना घेण्यातच चूक होते. रेक्टल स्वॅब कॅरी-ब्लेअर या, जिवाणू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात घालून पाठवणे कॉलऱ्यासाठी ठीक आहे. विषाणूसाठी प्रत्यक्ष मल हवा, कारण काडीला लागतो तेवढा ऐवज बहुतेक वेळा पुरत नाही. झाकण घट्ट बसणारी कोरडी निर्जंतुक डबी घ्यायची. तिच्यात पातळ मल असेल तर ५ ते १० मिली, घट्ट असेल तर तेवढेच ग्रॅम घ्यायचे. फॉर्मालिन घालायचे नाही, कोणतेही माध्यम नाही. लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ ते ७२ तासांच्या आत घेतलेला नमुना सर्वांत चांगला. लगेच बर्फाच्या पेटीत, २ ते ८ अंशांवर. लंगोट बांधलेल्या बाळाचा नमुना हमखास फसतो, कारण पाणी लंगोट शोषून घेतो आणि डबीत काहीच येत नाही. अशा वेळी लंगोट उलटा बांधून प्लास्टिकची बाजू आत घ्यावी. एका साथीतून निदान ५ वेगवेगळ्या रुग्णांचे नमुने हवेत. एकाच्या नमुन्यात नोरोव्हायरस निघाला तर तो त्या माणसाचा आधीपासूनचाही असू शकतो, कारण बरे झाल्यावर दोन आठवडे आणि कधी त्याहून जास्त काळ तो मलातून बाहेर पडत राहतो. पाचांपैकी तिघा-चौघांत एकच प्रकार निघाला तर मग बोलता येते.

प्रत्येक नमुन्याचा एक भाग उणे ७० अंशांच्या फ्रीजरमध्ये जायला हवा. तसा फ्रीजर कोविडच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांना लागतच होता. तो आज कुठे आहे आणि त्यात काय ठेवले आहे, हे विचारायला फारसे कष्ट पडू नयेत.

२. यंत्रे आहेत, चाचण्या नाहीत. कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआर यंत्रे आली, माणसे तयार झाली. नोरो, रोटा, ॲस्ट्रो, सापो आणि अ‍ॅडिनो ४०/४१ या पाचही विषाणूंची चाचणी त्याच यंत्रांवर होते. बदलावे लागतात ते प्रायमर-प्रोब (विषाणूच्या ठरावीक जनुकभागाला चिकटून तो ओळखणारे छोटे तुकडे) आणि नमुन्यातून आरएनए-डीएनए काढण्याचे किट. मात्र घशाच्या स्वॅबचे किट मलाला तसेच लावले तर फजिती होते. मलातली पित्तक्षारे आणि कर्बोदके पीसीआरची अभिक्रिया दाबून टाकतात आणि विषाणू असूनही आलेख सपाट येतो. म्हणून नमुना फोडतानाच त्यात ठरावीक प्रमाणात नियंत्रण-विषाणू घालायचा. त्याचाही आलेख उमटला नाही तर ती चाचणी बाद, निगेटिव्ह नव्हे. मग आरएनए १० पट विरळ करून पुन्हा लावायचा. अहवालावर 'निगेटिव्ह' आणि 'चाचणी बाद' असे दोन वेगळे शेरे असलेच पाहिजेत.

दुसरी अडचण प्रायमरची. ॲस्ट्रोव्हायरसचे जुने प्रायमर नेहमीचे आठ प्रकार ओळखतात. एमएलबी आणि व्हीए घराण्यांना ते चिकटतच नाहीत. रोटाव्हायरसची नेहमीची एलायझा चाचणी फक्त 'अ' गट पकडते. चीनमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या माणसांत जुलाबाच्या प्रचंड साथी आल्या त्या 'ब' गटाच्या होत्या. हा गट पुढे कोलकात्यात आढळला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने पश्चिम भारतातल्या रुग्णांतही तो नोंदवला आहे. पुणे आपल्यापासून पाच-सहा तासांवर आहे. तरीही इथे तरुण माणसाला भाताच्या पेजेसारखे जुलाब झाले आणि कॉलरा निघाला नाही, तर रोटा-ब ची चाचणी सांगण्याची पद्धत नाही.

३. पाणी. या मुद्द्यावर आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण 'पिण्यास योग्य' हा शिक्का नेमका कशाच्या आधारावर पडतो ते नागरिकांनाही कळायला हवे.

तपासले जातात ते कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण मानले जाणारे जिवाणू. क्लोरीनने ते लवकर मरतात, आतड्यातले अनेक विषाणू त्यांच्यापेक्षा चिवट असतात. म्हणजे कोलिफॉर्म शून्य आणि विषाणू जिवंत, अशी स्थिती सहज येऊ शकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातच, आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, याची दखल घेतली आहे. ग्राहकाच्या नळाशी मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, हे सर्वांना पाठ आहे. त्याच ओळीत पुढे लिहिले आहे की विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर किमान ०.५ मिलिग्रॅम. हे अर्धे वाक्य कोणी वाचत नाही. त्याच मानकात एमएस-२ हा, जिवाणूवर वाढणारा आणि माणसाला निरुपद्रवी असा विषाणू १ लिटर पाण्यात नसावा असेही म्हटले आहे. नाशिकच्या जलकुंभांतले पाणी एमएस-२ साठी शेवटचे कधी तपासले, त्याची तारीख जाहीर करावी.

मग ओटी टेस्ट, म्हणजे नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहण्याची चाचणी. सकाळी नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की वहीत 'ओटी पॉझिटिव्ह'. मोकळा क्लोरीन रंग लगेच देतो, अवघ्या काही सेकंदांत. अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीन रंग सावकाश देतो, आणि विषाणू मारण्याच्या कामात तो फारच दुबळा. थेंब टाकून, चार शब्द बोलून, मग रंग पाहिला तर दोन्हींची बेरीज वाचली जाते. शिवाय गटाराचे पाणी नळात शिरले असेल तर अमोनिया वाढतो, मोकळा क्लोरीन संपतो आणि बांधलेला क्लोरीन रंग देत राहतो. म्हणजे ज्या दिवशी धोका सर्वांत जास्त, त्याच दिवशी ओटी 'पॉझिटिव्ह' दिसण्याची सोय! डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या गोळ्या किंवा पावडर वापरली तर मोकळा क्लोरीन वेगळा वाचता येतो आणि आकडाही मिळतो. ऑर्थोटोलिडिन कर्करोगकारक मानले जाते, हा आणखी एक मुद्दा; ते हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही विचार कोणी करावा.

पाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना ठीक असते आणि गल्लीत बिघडते, त्याचे कारणही उघड आहे. पुरवठा ठरावीक वेळेपुरता. पाणी गेले की नळीतला दाब पडतो. त्यात कोणी थेट नळाला मोटार लावून पाणी खेचले की नळीत ओढ तयार होते. गटारातून किंवा गटाराशेजारून गेलेल्या घरगुती जोडणीचा सांधा ढिला असेल तर बाहेरचे पाणी आत येते. पाणी सुटल्यावर ते पहिल्या काही मिनिटांत समोरच्या चार घरांत पोहोचते. पथक मात्र नमुना घेते तो नळ सुटून अर्धा तास झाल्यावर. नमुना पहिल्या धारेचा घ्यायला हवा, आणि वाटेत क्लोरीनचे काम चालू राहू नये म्हणून बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले हवे. विषाणूसाठी तर १०० मिलीची बाटली पुरतच नाही. दहा लिटरांपासून पुढे पाणी घेऊन ते गाळणीवर किंवा पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकोल) या रसायनाने आटवावे लागते.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचेही तेच. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. तोंड उघडे राहिलेले पोते पावसाळ्यात ओल धरते आणि ताकद उतरते. पण डोस मात्र पोत्यावर छापलेल्या आकड्याप्रमाणेच घातला जातो. प्रत्येक खेपेची ताकद मोजून तारखेसह फळ्यावर लिहिणे अवघड नाही.

४. नोंद. आजारांच्या नियमित नोंदीत बहुतेक रुग्ण 'तीव्र अतिसार' या एकाच रकान्यात जातात. उलटी आधी की जुलाब आधी, ताप किती, घरात दुसरा कोणी किती तासांनी आजारी पडला, एवढे लिहिले तरी प्रयोगशाळेवाचून अंदाज बांधता येतो. नोरोव्हायरसची साथ ओळखण्याचे कॅपलान यांचे १९८२ सालचे निकष अजून कामाचे आहेत: निम्म्याहून अधिक रुग्णांना उलट्या, संसर्गानंतर सरासरी २४ ते ४८ तासांत आजाराला सुरुवात, सरासरी १२ ते ६० तासांत बरे, आणि कल्चर निगेटिव्ह. चारही जुळले तर नोरोव्हायरस धरून चालावे. चार प्रश्नांचा एक छापील कागद, बस.

५. औषधे. कारण न कळल्याची किंमत मुले मोजतात. विषाणूजन्य जुलाबात ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या प्रतिजैविकांचे सिरप काहीही करत नाही, जिवाणूंना औषधाला सरावण्याची संधी तेवढी देते. लागते ती १ लिटर पाण्यात विरघळवलेली ओआरएसची अख्खी पुडी (अर्धी पुडी ग्लासात टाकली की मीठ जास्त होते, बाळ ओकते आणि दोष ओआरएसला लागतो) आणि १४ दिवस झिंक: सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. रोटाव्हायरसची लस राज्यात २०१९ पासून सरकारी लसीकरणात आहे, ६, १० आणि १४ आठवड्यांना. ती द्यावीच. पण 'लस दिली तरी जुलाब झाले' म्हणणाऱ्या आईला हेही सांगितले पाहिजे की ती एकाच विषाणूविरुद्ध आहे आणि मुख्यतः तीव्र आजार रोखते. ज्या देशांत रोटाची लस नीट पोहोचली, त्यांतल्या अनेकांत मुलांच्या जुलाबात नोरोव्हायरस पहिल्या क्रमांकावर आला. आपल्याकडे तसे होते आहे का, हे मोजायला कोणी बसलेले नाही.

आता नेहमीचा प्रश्न: उपचार तर तेच, पाणी भरून काढायचे, मग विषाणूचे नाव कळून उपयोग काय? रुग्णाच्या उपचारापुरते हे बरेचसे खरे आहे. साथ थांबवण्याच्या बाबतीत ते साफ चूक आहे. कॉलऱ्याची साथ आली तर पाण्याच्या मागे लागावे लागते. नोरोव्हायरस असेल तर पाण्याइतकेच स्वयंपाक्याच्या हातांमागे. त्याचे शंभराच्या आतले कणसुद्धा माणसाला आजारी पाडायला पुरतात आणि रुग्णाच्या एका ग्रॅम मलात ते अब्जावधी असतात. प्रवेशद्वारी ठेवलेल्या अल्कोहोल सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही. साबण, वाहते पाणी आणि निदान २० सेकंद चोळणे हाच उपाय. साधुग्रामातल्या अन्नछत्रात पंगत वाढणाऱ्याला उलट्या झाल्या तर लक्षणे थांबल्यावरही ४८ तास त्याने वाढप्याचे किंवा भटारखान्यातले काम करायचे नाही, हा नियम आधीच लिहून ठेवला नाही तर त्या दिवशी कोणी पाळणार नाही. त्याचा त्या दोन दिवसांचा रोज कोण देणार, हेही त्याच नियमात असावे. नाहीतर तो आजार लपवेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

अ‍ॅडिनोव्हायरस असेल तर आणखी वेगळे. क्लोरीनने तो जातो, पण अतिनील किरणांना आतड्यातल्या विषाणूंत तोच सर्वांत चिवट. फक्त यूव्हीच्या दिव्यावर चालणारी पाणपोई उभारणाऱ्या दात्याला हे आधी सांगायला हवे.

निवासी मंडपात कोणी ओकले तर झाडू किंवा पोछा आधी लावायचा नाही. त्याने ते पसरते आणि तुषार उडतात. हातमोजे, तोंडाला मास्क. वर जुने कापड किंवा कागद टाकायचे, त्यावर १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम ताजी टीसीएल कालवून, निवळून घेतलेले वरचे पाणी ओतायचे; ते साधारण ५,००० पीपीएम होते. दहा मिनिटे थांबून गोळा करायचे, पिशवीत बांधायचे, मग जागा साबणाने धुवायची. नळ, कड्या, दांडे यांना लिटरला ३ ग्रॅम पुरे. हे द्रावण संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळायचे नाही, क्लोरीन वायू सुटतो. सफाई कामगारांना हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. परिपत्रक काढून भागणार नाही.

सांडपाण्याबद्दल थोडे. मुंबईत २००१ पासून पोलिओचा विषाणू गटाराच्या पाण्यात शोधला जातो. तीच पद्धत इथे लागू करता येते. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी आणि पंचक या चार मलनिस्सारण केंद्रांच्या आवक तोंडाशी सकाळच्या गर्दीच्या वेळी दर पंधरा दिवसांनी एकेक लिटर सांडपाणी घ्यायचे. पाऊस पडला की सांडपाणी विरळ होते आणि विषाणू कमी झाल्याचा भास होतो. इथे तो मिरचीचा विषाणू कामाला येतो: तो माणसांच्या मलात कायम असतो, म्हणून नोरोचे प्रमाण त्याच्याशी तोलून पाहिले की विरळपणाचा हिशेब सुटतो. दवाखान्यात रुग्ण दिसण्याआधी इशारा मिळू शकतो, आणि एकाही माणसाला डबी हातात द्यावी लागत नाही.

यावरून आमच्या मागण्या अशा:

एक. जुलाबाच्या प्रत्येक साथीत किमान ५ रुग्णांचे आणि तितक्याच निरोगी शेजाऱ्यांचे, त्यांच्या संमतीने, मलाचे नमुने घेण्याचा लेखी आदेश काढा. डब्या, बर्फपेट्या आणि चार प्रश्नांचा कागद प्रत्येक आरोग्य केंद्रात आजपासून ठेवा.

दोन. जिल्ह्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत पाच विषाणूंची आरटी-पीसीआर सुरू करा. जे नमुने त्यातही निगेटिव्ह येतील ते पुण्याच्या विषाणूविज्ञान संस्थेला, रोटा-ब, नवे ॲस्ट्रोव्हायरस आणि गरज पडेल तिथे सरसकट जनुकवाचन यासाठी पाठवण्याचा करार करा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात.

तीन. निगेटिव्ह नमुना पाच वर्षांच्या आत नष्ट करू नका. वीज गेली तर फ्रीजरला जनरेटर आणि तापमानाची वही हवी. वितळून पुन्हा गोठलेल्या नमुन्यातला विषाणूचा आरएनए खराब होऊ शकतो.

चार. साथ असलेल्या भागात आणि सिंहस्थाच्या सर्व पाणपुरवठ्यात नळाच्या टोकाशी मोकळा क्लोरीन ०.५ मिलिग्रॅम ठेवा, डीपीडीने मोजा आणि आकडे रोज प्रभागवार जाहीर करा. ०.५ ठेवायचा म्हणजे केंद्रातून वाट्टेल तेवढा सोडायचा असे नाही. जवळच्या घरांना वास येईल आणि लोक ते पाणी ओतून देऊन बोअरचे पितील. मधल्या जलकुंभांवर क्लोरीनची दुसरी मात्रा देण्याची सोय करा.

पाच. सांडपाण्याचे नमुने ध्वजारोहणाच्या आधी सुरू करा. सिंहस्थात वाढ झाली की नाही हे सांगायला आधीची पातळी माहीत असावी लागते. ऑगस्ट २०२७ मध्ये सुरू केलेल्या मोजणीला तुलनेसाठी काहीच नसेल.

सहा. 'कॉलरा निगेटिव्ह' हा अंतिम शेरा बंद करा. त्या जागी दोनच पर्याय असावेत: 'कारण सापडले', आणि त्यापुढे त्याचे नाव, किंवा 'कारण सापडले नाही', आणि त्यापुढे कोणत्या चाचण्या केल्या, कोणत्या केल्या नाहीत आणि नमुना कुठे ठेवला आहे.

यांपैकी पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मागणीला नवे यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही. त्यांचे उत्तर एका महिन्यात लेखी द्यावे. नमुना घेण्याच्या पद्धतीचा मराठी मसुदा, चार प्रश्नांचा कागद आणि दोन अर्ध्या दिवसांचे प्रशिक्षण आम्ही विनामोबदला देऊ. आपल्याकडून एका जबाबदार अधिकाऱ्याचे नाव हवे, ज्याला रात्री अकरा वाजता 'अमुक वस्तीत एका रात्रीत बारा रुग्ण' असा फोन करता येईल आणि जो सकाळी पाणी सुटण्याआधी तिथे बाटल्या आणि डब्या घेऊन माणूस पाठवू शकेल.

आपले,
नाशिकमधील सूक्ष्मजीवशास्त्र, प्रयोगशाळा आणि बालआरोग्य क्षेत्रांत काम करणारे काही नागरिक